खापर बंदराच्या माथी

२०२४ साल. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी चुका काढायला बसू नये. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही बोला, मी लॅपटॉपवर लिहितो. मी म्हटलं, नको. तू लिहिलंस की ते तुझं होतं, आणि तू बापाला सांभाळून घेशील. मला सांभाळून घेतलेलं नको आहे. म्हणून नातीच्या जुन्या वहीत पाठकोऱ्या पानांवर मी स्वतः लिहितोय. वेळ लागतो. पण हात अजून थरथरत नाही, काठी घेत नाही, आणि दोराची कुठलीही गाठ डोळे मिटून मारून दाखवतो.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. मी दर्यावर चौतीस वर्षं काढली. आधी मालवाहू जहाजांवर, जगभर. नंतर इथे दुबईत, समुद्रातल्या तेलाच्या विहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर. तिथे मी सारंग होतो. सारंग म्हणजे खलाशांचा वरचा माणूस. कप्तान हुकूम करतो तो सारंगाला, आणि सारंग काम करून घेतो खलाशांकडून. आता मुलाकडे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये असतो. मी, माझी बायको, मुलगा, सून आणि बारा वर्षांची नात.

तर एका संध्याकाळी नात आपला टॅब घेऊन माझ्याजवळ आली. ती बोलते इंग्लिशमध्ये, मी बोलतो मराठीत, मध्ये कुठे अडलं की हिंदी येतं. आमचं बरं चालतं.

"दादा, यू वर अ सेलर, राइट?"

"सेलर नाही. सारंग. सेलर माझ्या हाताखाली होते."

"ओके, ओके. स्कूलमध्ये प्रोजेक्ट आहे." शाळेने सांगितलं होतं की एक शब्द घ्यायचा, तो कुठून आला ते शोधायचं, आणि घरातल्या कुणा मोठ्या माणसाशी त्यावर बोलून लिहायचं. हिने शब्द काढला होता 'शांघायड'. चीनमधलं शांघाय बंदर, त्यावरून.

मग तिने वाचून दाखवलं. फार पूर्वी, शिडाच्या जहाजांच्या दिवसांत, अमेरिकेतल्या बंदरांवर खलाशी मिळत नसत. कामं जिवावरची, सफरी लांबच्या, कोण जाणार? तेव्हा बंदराजवळच्या खानावळवाल्यांनी धंदा काढला. आलेल्या माणसाला खाऊपिऊ घालायचं, दारूत गुंगीचं औषध टाकायचं, बेशुद्ध झाला की त्याच्या नावाने कागदावर सही ठोकायची आणि उचलून जहाजात टाकायचा. कप्तान त्याचा मोबदला देई. माणूस जागा व्हायचा तेव्हा चहूकडे पाणी. खलाशीच नव्हे, शेतावरचा गडी, दुकानातला नोकर, कुणीही. जहाजं अशी दूर जायची, शांघायलाही जायची. म्हणून फसवून नेलेल्या माणसाला 'शांघायड' म्हणायला लागले.

मी शांघायला दोनदा गेलोय. मला राग आला.

"बंदराने काय केलं? चांगलं बंदर आहे ते. मला तिथे एका म्हाताऱ्या चिनी माणसाने भर पावसात स्वतःची छत्री धरून एजंटाच्या ऑफिसापर्यंत पोचवलंय. असल्या कामाला त्यांचं नाव का?"

"बिकॉज द शिप्स वेंट देअर, दादा."

"जहाजं गेली. फसवलं कुणी? खानावळवाल्याने. मग त्याचं नाव द्या."

"ही हॅज अ नेम ऑल्सो. क्रिंप." तिने टॅबवर बोट फिरवलं. "बट नोबडी नोज दॅट वर्ड."

"का नोज नाही?"

तिने खांदे उडवले. पोरीला काय विचारणार. पण ते माझ्या डोक्यात बसलं. ज्याने केलं त्याचं नाव पुसलं गेलं, आणि खापर फुटलं हजारो मैलांवरच्या बंदराच्या माथी.

मग तिने विचारलं, "दादा, डिड एनीवन शांघाय यू?"

"मला? मला फसवणारा अजून जन्माला यायचाय."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्यासाठी आधी तुमच्यापुढे तोंड उघडायची हिंमत पाहिजे!" सून हसली. मीही हसलो.

नात म्हणाली, "बट मामू वॉज शांघायड, ना? पप्पा सेड. कंपनी चीटेड हिम अँड यू सेव्हड हिम. संडेला मामू लंचला येणार, मी इंटरव्ह्यू घेणार."

माझं हसू तिथल्या तिथे गेलं.

मामू म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या घरात सगळेच त्याला मामू म्हणतात. साठीचा झाला, नोकरी संपली, व्हिसा संपला, आता कायमचा गावी चालला होता, म्हणून रविवारी निरोपाचं जेवण. आता मी चाळीस वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो.

१९८४ साल. मी एकतीस वर्षांचा, बोटीवर नवा सारंग. त्या वेळी रीत अशी होती की सारंगाने आपली माणसं आपल्या गावची आणायची. कप्तान माणसं शोधत नसे, तो सारंग शोधायचा. माझ्या हाताखाली सात जण, सातही आमच्या खाडीचे. गावात मी गेलो की मशिदीबाहेर लोक उठून जागा द्यायचे. आणि सगळ्यांचे पासपोर्ट सारंगाच्या ट्रंकेत. 'सांभाळायला' असं म्हणायचं. किल्ली माझ्या कमरेला. त्या किल्लीची मला केवढी मिजास होती, आज लिहितानाही लाज वाटते.

सातातला एक पळाला. कप्तान म्हणाला, पुढच्या महिन्यापर्यंत माणूस दे, नाहीतर मी दुसरा सारंग आणतो, तो आपली सात माणसं घेऊन येईल. म्हणजे माझ्यासकट सगळे घरी. मी गावी निरोप धाडले. त्या हंगामात कुणी मोकळं नव्हतं. एकच पोरगा होता, वीस वर्षांचा, हाताने सुतार, दणकट. माझा मेहुणा.

पण त्याचा बाप, माझा सासरा, दर्याने नेलेला. मचव्यावर होता, मचवा परत आला नाही. सासूने, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो, पोराला नमाजाच्या मुसल्ल्यावर बसवून वचन घेतलं होतं की तू दर्यावर पाय ठेवणार नाहीस. पोरगा इतका पाळायचा की खाडीपलीकडे जायचं झालं तर होडी टाळून चार तास चालत वळसा घ्यायचा. लोक हसायचे. मीही हसायचो.

मी गावी गेलो आणि अम्माला सांगितलं, शारजाला लाकडी बोटी बांधायचा कारखाना आहे, जमिनीवर, तिथे सुताराचं काम आहे. कारखाना खरा होता. काम खोटं होतं. अम्माने मला तीनदा विचारलं, "जमिनीवर ना?" तीनदा मी हो म्हटलं.

व्हिसाचा कागद आला तो अरबीत. पोराने कुराण खतम केलेलं, आमच्यातली सगळीच पोरं करतात, अक्षर न् अक्षर वाचता येतं. अर्थ कुणाला कळतो? त्याने अंगणात बसून बोट ठेवत मोठ्याने वाचलं, "बह्हार." मग माझ्याकडे बघून विचारलं, "दुलाभाई, बह्हार म्हणजे सुतार ना?"

बह्हार म्हणजे खलाशी. मी इथे दोन वर्षं काढली होती, मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. "सुतार."

अम्मा चुलीपुढे बसली होती. तिने दोन्ही हात उचलून दुआ केली. कुराणाच्या अक्षरांत लिहिलेलं, म्हणजे खोटं कसं असेल?

दुबईला उतरल्यावर मी त्याला थेट बोटीवर नेला. म्हटलं, कारखाना उद्या उघडतो, आज माझ्याकडे जेव. बोट धक्क्याला बांधलेली, हलतसुद्धा नव्हती, तरी तो फळीवरून पाय टाकायला तयार नव्हता. मी म्हटलं, दोर बांधलाय, ही जमीनच समज. खिमा, चपाती, दाल. जेवल्यावर म्हणाला पोट गुडगुडतंय, विमानामुळे असेल. मी त्याला दोन गोळ्या दिल्या. बोट लागू नये म्हणून खलाशी घेतात त्या. त्यांनी झोप येते, नव्या माणसाला अर्धी पुरते. दोन घेतल्यावर तो माझ्याच बिछान्यावर आडवा झाला. आम्ही दुपारी, असरच्या नमाजाआधी दोर सोडले.

तो जागा झाला तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि बोट विहिरीपाशी होती. डेकवर आला, चारी बाजूंना बघितलं, आणि मटकन खाली बसला. मी त्याच्याजवळ गेलो. खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "ऑफिसवाल्यांनी फसवलं रे. व्हिसा बोटीचाच काढला. आता ऐकत नाहीत. पण मी आहे ना."

'मी आहे ना.' हे मी म्हटलं. त्याने माझा हात धरला, आणि मग तो हात त्याने चाळीस वर्षं सोडला नाही.

वाटलं होतं, आठवड्याभरात रुळेल. रुळला. मी त्याला सांगितलं, अम्माला पत्रात जमिनीवरच आहे असं लिही, ती धसका घेईल. त्याने तसं लिहिलं. पण पाच महिन्यांनी शेजारच्या वाडीतला कुणी तरी सुट्टीवर गेला आणि बोलून गेला, तुमचा पोरगा बोटीवर दिसला. त्या काळात आखातातले लोक पत्रापेक्षा कॅसेट भरून पाठवायचे, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती. अम्माने कॅसेट पाठवली. मला. पोराला नाही. आधी बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज, मग ती म्हणाली, "जावईबापू, खरं सांग. माझा पोरगा कुठे आहे?"

मी उलटी कॅसेट भरली. म्हटलं, "अम्मा, कारखान्यातली नोकरी मी लावली होती. पण तो माझं ऐकेना. पगार जास्त म्हणून हट्टाने बोटीवर चढला. वचनाची आठवण मी करून दिली होती."

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा नाही. माझी बायको तेव्हा गावीच होती, पहिलं मूल पोटात. तिने आणि अम्माने मिळून ती कॅसेट ऐकली.

तीन महिन्यांनी अम्मा गेली. आजारी होतीच, माझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. पण पोराचं नाव तिने शेवटपर्यंत काढलं नाही. आम्ही विहिरीवर होतो, खबर पोचायलाच नऊ दिवस लागले. मेहुण्याला म्हटलं, आता मी काहीतरी करून तुला जमिनीवर काम बघतो. तो म्हणाला, "आता कुणासाठी उतरू?" आणि तो बोटीवरच राहिला. पंचवीस वर्षं, आणि नंतर शारजात एका गोदामावर पहारेकरी. रंधा पुन्हा हातात धरला नाही.

बायको इथे आली तेव्हापासून तिने भावाला कधी दारातून परत पाठवलं नाही. वाढायची. पण त्याच्या समोर बसायची नाही, त्याच्याशी चार शब्दांपलीकडे बोलायची नाही. त्याला वाटायचं, अम्माच्या मयताला आपण नव्हतो म्हणून आपा, म्हणजे थोरली बहीण, रागावलीय. तिला वाटायचं, अम्माला फसवून वर पत्रात खोटं लिहिलं, आणि आता साळसूद बनतोय. दोघंही ते तोंडाने काढत नव्हते, आणि मी दोघांच्या मध्ये बसून मासळीचे काटे काढत होतो.

आता तो कायमचा गावी चालला होता, अम्माच्या घरात राहायला. आणि बायकोने ऐकवून टाकलं होतं, "तो त्या घरात राहिला तर मी तिथे उतरणार नाही. मेले तरी नाही." ती सत्तरीच्या जवळ, तो साठीचा. म्हणजे हे जेवण शेवटचं. हे मला कळत होतं. तरी शनिवारपर्यंत मी मनाशी म्हणत होतो, आता इतक्या वर्षांनी कशाला.

रविवारी तो आला. सुरमई घेऊन.

"किती पडली?" बायकोने पिशवी घेताना विचारलं. चार शब्दांतले दोन संपले.

"चाळीस दिरहम किलो, आपा. म्हणजे नऊशे रुपये! गावी जाऊन मीच आता मासळी विकतो बघ."

"इन्शाल्ला," सून म्हणाली, "आम्हाला फुकट द्या."

"तुला फुकट, तुझ्या सासऱ्याला डबल भावाने. सारंगलोक श्रीमंत असतात."

जेवण झालं. नातीने टॅब समोर ठेवून रेकॉर्डिंग लावलं. "मामू, टेल मी हाऊ यू गॉट शांघायड. मराठी चालेल."

तो खुशीत आला. पाय वर घेऊन बसला आणि सांगायला लागला. ऑफिसवाल्यांनी कसा बोटीचा व्हिसा काढला, कसं आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं. "पण बेटा, एक सांगतो. माझ्या रक्तातच दर्या होता. नवा माणूस पहिल्या दिवशी आतडी बाहेर टाकतो. मी? लहान मुलासारखा झोपलो! एकदाही ओकलो नाही. कप्तानसुद्धा चाट पडला. आणि तुझा दादा होता म्हणून वाचलो. नाहीतर मी पहिल्याच दिवशी पाण्यात उडी मारली असती, खलास."

"सो दादा इज द हीरो," नात म्हणाली.

"हंड्रेड परसेंट."

बायको दारात उभी होती, हातात फडकं. ती म्हणाली, "पोरीला खोटं नको सांगूस."

त्याने वर घेतलेले पाय खाली सोडले.

"काय खोटं, आपा?"

"फसवलं म्हणे. हट्टाने चढलास तू. पैशासाठी. अम्मा मरेपर्यंत तेच उराशी धरून होती, आणि तू इथे पोरीसमोर मोठेपणा सांगतोस?"

"मी हट्टाने? कोण म्हणतं?"

तिने माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही. साक्षीदाराकडे बघावं तसं. अजूनही तिची खात्री होती माझ्यावर. आणि तोही माझ्याकडेच बघत होता, त्याच खात्रीने.

तेव्हा बोलायला हवं होतं. सून होती, मुलगा होता, नात होती, टॅब चालू होता. मी म्हटलं, "खलास. जेवणानंतर जुनं काढू नका. चहा टाका."

आणि माझा दरारा असा की चहा टाकला गेला.

पाच वाजता मी त्याला मेट्रोपर्यंत सोडायला निघालो. त्याची खोली शारजाला, म्हणजे युनियन स्टेशनपर्यंत मेट्रो, पुढे बस. स्टेशनाच्या अलीकडे झाडाखाली बाक आहे, तिथे तो बसला. मी उभाच राहिलो.

"दुलाभाई, आपा असं का म्हणाली? तिला कोण काय बोललं?"

मी म्हटलं, "मी."

बाकीचं मी उभ्या उभ्या सांगितलं. कप्तान, पळालेला माणूस, कारखाना. व्हिसावरचा शब्द. त्याने मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"आणि त्या गोळ्या? पोटाच्या?"

"बोट लागू नये म्हणून घेतात त्या. दोन दिल्या."

"दोन!" तो हसला. खरोखर हसला. "या अल्ला. मी चाळीस वर्षं लोकांना सांगतोय, पहिल्या दिवशी मला ओकारी झाली नाही म्हणून. आजही त्या पोरीला सांगून आलो."

मला वाटलं, झालं, सुटलो. माणूस हसतोय. मी बाकावर टेकलो आणि मग कॅसेटचं सांगितलं.

तो हसायचा थांबला. समोरून मुलं सायकलवर जात होती, एक फिलिपिनो बाई कुत्रा फिरवत होती. तो त्या कुत्र्याकडे बघत राहिला.

"म्हणून मला तिची एकही कॅसेट आली नाही," तो म्हणाला. "मी तुला विचारायचो. तू म्हणायचास, गावात कुणी येणारं नसेल."

मी म्हटलं, "माझी नोकरी जात होती. सात घरांची चूल होती."

"ते बोटीचं झालं. कॅसेटच्या वेळी कुठली नोकरी जात होती?"

अम्माने मला खोटारडा म्हणू नये, एवढंच होतं. गावात लोक उठून जागा द्यायचे ना.

मी म्हटलं, "चूक झाली." माफ कर म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते हे. जन्मभर हुकूम सोडलेली जीभ, ती याहून वळली नाही.

तो उठला. पिशवी काखेत घेतली.

"मला सांगून काय उपयोग? माझं आयुष्य गेलं दर्यात, ते जाऊ दे, मला दर्या आवडायला लागला होता. आपाला सांग. उद्या संध्याकाळी सहाचं विमान आहे. त्याच्या आधी सांग. अम्माच्या घरात मी एकटा काय करू?" दोन पावलं जाऊन तो वळला. "आणि दुलाभाई, उभा राहून सांगू नकोस. बसून सांग."

जिना चढून वर गेला. मागे बघितलं नाही.

घरी आलो तर नात प्रोजेक्ट लिहून बसलेली. वर मोठ्या अक्षरांत काहीतरी, खाली तिने काढलेलं चित्र: एक बोट, एक बुडणारा माणूस, आणि त्याला दोर टाकणारा पांढऱ्या दाढीचा मी. तेव्हा माझी दाढी काळी होती.

"बुधवारी द्यायचंय ना?" मी विचारलं. "मग अजून देऊ नकोस. यात एक माणूस चुकीच्या जागी काढलायस."

"हू?"

"सांगतो. आधी तुझ्या दादीला सांगायचंय."

पण त्या दिवशी मी नाही सांगितलं. पाहुणे नव्हते, घाई नव्हती, बायको समोरच भाजी निवडत होती. मी दोनदा खाकरलो. ती म्हणाली, "घसा धरलाय का? काढा करू?" मी म्हटलं, कर. आणि मुकाट्याने तो पिऊन घेतला.

चौतीस वर्षांत दर्याने मला कधी घाबरवलं नाही. वादळात डेकवर चालत गेलोय. आणि इथे सहा बाय आठच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला मला दिवस पुरला नाही. त्या खानावळवाल्यांची नावं पुसली गेली, कारण ते गप्प बसले असतील. जहाज गेलं, माणूस गेला, ते आपले दुसऱ्या गिऱ्हाइकाला जेवायला वाढायला लागले. आमच्या गावातही तसंच झालं. लोक म्हणायचे, दुबईने पोराला बिघडवलं. मीही मान हलवायचो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, नातीची बस गेली, मुलगा-सून कामावर गेले. बायको चहा करत होती. मी आत गेलो, शेगडी बंद केली. ती म्हणाली, "अहो, उकळला नाही अजून." मी म्हटलं, "बस." स्टूल एकच होतं, ते तिला दिलं, आणि मी खाली लादीवर बसलो. या घरात मी लादीवर कधी बसलो नव्हतो. मग बह्हार या शब्दापासून कॅसेटपर्यंत सगळं सांगितलं. या वेळी सात घरांच्या चुलीचं मी मध्ये आणलं नाही.

ती रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. तिने माझ्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे बघितलं. मग उठली, बुरखा चढवला, पर्स घेतली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. मी विचारलं, "शारजाला?" ती दारातच थांबली. रस्ता तिला ठाऊक नव्हता. भावाच्या खोलीवर ती एकदाही गेली नव्हती.

मी खाली उतरलो, टॅक्सी थांबवली, तिच्यासाठी मागचं दार उघडलं. ती बसली आणि दार तिनेच ओढून घेतलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो आणि त्याला मेहुण्याचा पत्ता सांगितला.